गाडीचा स्वतःचा वेग

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

तुझी तीन मोटारसायकलींची यादी मिळाली: रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, केटीएमची ड्यूक ३९० आणि यामाहाची आर१५. खाली तू लिहिलं आहेस, ‘गाडी कुठलीही घेतली तरी ऐंशीच्या वर जाणार नाही.’ तू शब्द मोडशील असं मला वाटत नाही. पण पुणे-कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. तेवढ्या वाटेत कुणी सारखं मीटरकडे बघत बसत नाही. वेग मनगट ठरवतं, पाठ ठरवते, कान ठरवतात. प्रत्येक गाडीचा एक वेग असतो, जिथे ती निवांत चालते. त्याच्या खाली ती कुरकुरते, त्याच्या वर थरथरते, आणि चालवणारा न ठरवता तिथे जाऊन पोचतो. म्हणून रंग, किंमत आणि एव्हरेज थोडा वेळ बाजूला ठेव. तिन्ही गाड्यांचा हा निवांत वेग कुठे आहे, तेवढंच बघू.

आधी इंजिन. ताठ बसलेल्या माणसाला सपाट रस्त्यावर ताशी ८० चा वेग टिकवायला साधारण ७ अश्वशक्ती पुरते. १०० ला १२ च्या आसपास लागते आणि १२० ला २०. वेग दीडपट झाला की शक्ती जवळजवळ तिप्पट लागते, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. आता क्लासिकचं इंजिन मिनिटाला ६१०० फेऱ्यांना २० अश्वशक्ती देतं, आणि गाडी आहे १९५ किलोची. म्हणजे शंभराच्या पुढे ती दमते आणि तसं तुला कळवते. ड्यूककडे ४६ आहेत. १२० ला तिची निम्मी ताकद शिल्लक असते, त्यामुळे आवाजातून, पिकअपमधून ‘आता पुरे’ असं काही कानावर येत नाही. पूर्वीच्या १०० सीसीच्या गाड्या सत्तर-पंच्याहत्तरला सगळ्या अंगाने ओरडायच्या. त्या ओरडण्याला लोक नावं ठेवायचे, पण फुकटातला ब्रेक होता तो.

याहून महत्त्वाचं म्हणजे जोर कुठल्या फेऱ्यांना येतो. क्लासिकचा सगळ्यात जास्त ओढ देणारा टप्पा ४००० फेऱ्यांना आहे, २७ न्यूटन-मीटर. आर१५ चा ७५०० ला, आणि तोही १४ च. शिवाय आर१५ मध्ये ७४०० फेऱ्यांच्या आसपास व्हॉल्व्ह उघडणारा दुसरा, जास्त उंच कॅम लागतो आणि तिथून पुढे इंजिन एकदम मोकळं होतं. ट्रकला ओलांडायचं तर आर१५ ला दोन गिअर पाडून फेऱ्या चढवाव्या लागतात. एकदा चढवल्या की त्या गोड आवाजातून खाली यावंसं वाटत नाही, आणि ट्रक मागे पडून अर्धा किलोमीटर झाला तरी गाडी शंभरावरच असते. क्लासिकला त्याच कामासाठी पाचव्यातच थोडी रेस दिली तरी चालतं. ओलांडायला वेळ जास्त लागतो, म्हणून समोरचा रस्ता जास्त लांब मोकळा पाहिजे. ओलांडून झाल्यावर मात्र ती आपोआप पंच्याहत्तर-ऐंशीवर उतरते.

ड्यूकचं दुखणं उलट्या टोकाला आहे. मोठं एकच सिलिंडर, हलकं फ्लायव्हील (इंजिनाचं फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक) आणि लांब सहावा गिअर. साडेतीन हजारांच्या खाली सहाव्यात असताना रेस दिलीस तर चेन ठोकायला लागते आणि गाडी उचक्या देते. बहुतेक जण यावर एकच इलाज करतात: गिअर न पाडता वेग वाढवतात. पाचवा, चौथा टाकला की पन्नासलाही ती नीट चालते, पण मग इंजिनाचा आवाज चढा येतो आणि उगाच ताण दिल्यासारखं वाटतं. खरं तर चार-पाच हजार फेऱ्यांना त्या इंजिनाला काही होत नाही. गावातून जाताना चौथ्यात राहायचं, हे पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पाडलं नाहीस तर पुढे जमत नाही.

आता बसण्याची पद्धत. माझ्या मते सवय लावणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. आर१५ चं हँडल दोन तुकड्यांत, फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, खाली बांधलेलं. फुटरेस्ट मागे आणि वर. उभ्या गाडीवर बसलीस की छाती पुढे झुकते आणि वरच्या अंगाचा भार तळहातावर येतो. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने अर्धा तास चालव, अंगठ्याच्या बुडाशी कळ येईल, मानही आखडेल. तीच गाडी ऐंशी-नव्वदला ने. समोरून येणारा वारा छातीखाली हात दिल्यासारखा अंग उचलतो आणि मनगटं मोकळी होतात. थोडक्यात, ही गाडी पळवली की दुखायची थांबते. दुखणं थांबावं म्हणून माणूस वेग वाढवतो आणि समजतो की मजा वाटली म्हणून वाढवला.

क्लासिकवर हेच उलटं घडतं. हँडल वर आणि रुंद, पाय पुढे, पाठ ताठ. चाळीसला खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. नव्वदला वारा सरळ छातीवर आदळतो, हात ताणले जातात, मान मागे ढकलली जाते, आणि अर्ध्या तासात आपण होऊन पंच्याहत्तरवर येतो. ड्यूक या दोघींच्या मधे: हँडल रुंद, अंग किंचित पुढे. हेडलाइटच्या वर आडोसा नाही, म्हणून वारा तिथेही लागतो, आणि ते चांगलंच आहे. त्यावर उंच काच बसवून घेण्याचा विचार असेल तर आधी हे वाच. छातीवरचा वारा गेला की ऐंशी आणि एकशे दहा यांतला अंगाला कळणारा फरक बराचसा जातो. शिवाय काच चुकीच्या उंचीची असेल तर तिच्या काठावरून फाटलेला वारा नेमका हेल्मेटच्या कपाळावर आदळतो आणि डोकं हलत राहतं. लावायचीच तर अशी लाव की वारा खांद्यावर लागेल आणि हेल्मेट स्वच्छ हवेत राहील.

कानाचंही तसंच. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच ९० डेसिबलच्या वर जातो. तासन्‌तास तो ऐकणं कानाला वाईट, म्हणून लांब पल्ल्याला कानात बोळे घालावेत, मी त्याच्या बाजूची आहे. पण बोळे घातले की वेग कमी वाटतो. त्या दिवशी मीटर जास्त वेळा बघायचं. हेल्मेटमध्ये गाणी लावली तर वाऱ्याचा आवाज झाकला जातो आणि ट्रकचा हॉर्नही, म्हणून गाणी नकोतच. सायलेन्सर बदलून फटफट करायचा विषय तर काढूच नकोस. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली घातलेत.

थरथर हा आणखी एक लगाम. जुन्या ३४६ सीसीच्या क्लासिकला तोल सांभाळणारा बॅलन्सर नव्हता. ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे फुटरेस्टवर पायाला मुंग्या यायच्या, आरशातला ट्रक फक्त रंगाचा ठिपका दिसायचा. आताच्या ३४९ सीसीच्या इंजिनात बॅलन्सर आहे. गाडी सुधारली, आणि लोकांचा नेहमीचा वेग दहाएक किलोमीटरने वर सरकला असणार. यात दोष कुणाचाच नाही. तुला फक्त ठाऊक असावं की मुंग्या येईपर्यंत थांबायचं नाही.

उंच शॉकअपच्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या तुझ्या यादीत नाहीत, म्हणून थोडक्यात. दोनशे मिलिमीटर खाली-वर होणारा फोर्क खड्डे गिळतो, म्हणून खराब रस्त्यावरही वेग कमी होत नाही. पण सुट्या खडीवर टायरची पकड आहे तेवढीच राहते. आणि डोळे जितके उंच, तितका रस्ता सावकाश सरकल्यासारखा वाटतो.

ब्रेकचं गणित पाठ कर. काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी दाबलेला ब्रेक धरला, तर ६० वरून थांबायला ४९ मीटर लागतात, ८० वरून ७५, आणि १०० वरून १०७. साठ आणि शंभर यांतला फरक अठ्ठावन्न मीटर, म्हणजे एका पाठोपाठ उभ्या केलेल्या चार-पाच एसट्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तिन्ही गाड्यांत ते मिळेल. चाक जाम होऊ न देणं एवढंच त्याचं काम. ताम्हिणीत पावसाळ्यात वळणावर खडी वाहून आलेली असते, तिथे एबीएस अंतर कमी करत नाही, उलट वाढवूही शकतं. पुढच्या ब्रेकला चांगला चावा आहे म्हणून उशिरा ब्रेक मारायची सवय लागते, ती इथे अंगाशी येते.

अ‍ॅक्सिलेटरबद्दल एक बारकी गोष्ट. मूठ धरताना मनगट खाली झुकलेलं असेल तर खड्ड्यात अंग मागे जाताना मूठ आपोआप फिरते. गाडी पुढे झेपावते, अंग आणखी मागे जातं, मूठ आणखी फिरते. ४६ अश्वशक्तीच्या गाडीवर हे एका सेकंदात होतं. मनगटाची वरची बाजू आणि हात एका रेषेत ठेव, आणि ब्रेकची लिव्हर फिरवून बोटं सरळ पडतील अशी बसवून घे. केबलच्या गाडीत मुठीला ढिलाई किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, बहुधा २ ते ५ मिलिमीटर. ती जास्त झाली तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. ड्यूकला केबल नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. तिथे पहिले दोन महिने रेन मोड ठेव, पाऊस असो वा नसो. शेवटची ताकद हा मुद्दाच नाही. मूठ फिरवल्यावर इंजिन मवाळपणे उत्तर देतं, त्यासाठी.

गाडी घेतल्यावर तिचा निवांत वेग थोडा खाली आणता येतो. पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, १५ दात असतील तर १४ चं बसवायचं. जिथे गाडी ६० ला उचक्या देत होती तिथे ती ५६ पर्यंत शांत चालते, आणि ऐंशीला फेऱ्या सात टक्के वाढतात, म्हणजे इंजिन आधी बोलू लागतं. एक दात कमी झाला की अर्धा दुवा चेन मोकळी होते, त्यामुळे मागचा अ‍ॅक्सल साधारण ४ मिलिमीटर मागे घ्यावा लागतो. तेवढी जागा उरली नसेल तर चेन आधीच लांबली आहे. आधी चेन-किट बदल. मेकॅनिकने अ‍ॅक्सल मागे घेतल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, ते स्वतः बघ. लहान चक्रावर चेन जास्त वाकते, स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरपट्टी लवकर झिजते, एव्हरेज थोडं पडतं. आणि ज्या गाडीत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिथे मीटर चुकीचं दाखवायला लागतं. चाकावर सेन्सर असेल तर फरक पडत नाही. हे सगळं वॉरंटीत चालतं का, ते आधी लिहून घे.

हायवेची सवय शहरात उतरते, ती वेगळीच. दोन तास नव्वदला काढल्यावर तावडे हॉटेलपाशी कोल्हापुरात वळताना साठ म्हणजे चालल्यासारखं वाटतं. डोळ्यांना नव्वद हेच स्थिर वाटू लागलेलं असतं. तिथे मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेव, अंगावर नाही. मीटर तसंही खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं.

टेस्ट राइडला शनिवारी जाते आहेस ना? शोरूमभोवतीच्या एका फेरीने काही कळत नाही, निदान अर्धा तास माग. आधी तिसऱ्या-चौथ्यात पन्नासला तीन मिनिटं चालव आणि पुन्हा पुन्हा मूठ फिरवाविशी वाटते का, ते बघ. मग सगळ्यात वरच्या गिअरमध्ये पन्नासवरून हळू रेस दे. चेन ठोकते का, ऐक. बाहेर मोकळ्या रस्त्यावर ऐंशीला ने, एकदा रेस पूर्ण सोड आणि गाडी किती पटकन साठवर येते ते मोज. शेवटी मीटरवर नजर न टाकता, तुला बरं वाटेल त्या वेगाने दोन मिनिटं चालव आणि मग आकडा बघ. तिन्ही गाड्यांचे तीन आकडे मला रात्री पाठव. पंच्याहत्तरच्या जवळचा जिचा येईल, तिच्या पैशांचं बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई