सहा ट्रे आणि वर अठ्ठावीस

फीनिक्स,
रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू शेजारी बसून ऐकणारच आहेस, पण दर ओळीला "अगं बाई" म्हणून यांना थांबवू नकोस.

मी पैसे लावून पत्ते खेळले. लास वेगासला, कॅसिनोत, संध्याकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत. आणि २,५४० डॉलर जिंकले. म्हणजे आपले दोन लाखांच्या वर.

याआधी पाचदा हरून आले, तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही. ते चुकलंच. पण जिंकून आल्यावर मात्र गप्प बसवेना, कारण सारखे बापूकाका आठवत होते. १९९२च्या मे महिन्यात त्यांना कल्याणचा आकडा लागला होता. जिलबी आली, आजीला लुगडं आलं, माजघरात टेबलफॅन आला. आम्ही पोरं त्याच्यासमोर "आऽऽ" करून आवाज चिरून घेत होतो. तोवर किती गेले होते, हे त्या दिवशी घरात एकानेही विचारलं नाही. पुढे वरच्या अंगाची कलमं विकायची वेळ आली, तेव्हा सगळेच विचारायला लागले.

म्हणून आधी हिशेब. गेल्या चौदा महिन्यांत मी नऊ वेळा खेळले, ही रात्र धरून. वही ठेवली आहे, तुमच्यासारखीच, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. या रात्रीआधी १,२३० डॉलर तोट्यात होते, आता १,३१० फायद्यात आहे. त्यावर इथला प्राप्तिकर भरायचाच आहे. तुमच्या जावयांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांना स्वतःला बदाम सातसुद्धा नीट येत नाही.

आता खेळ. ऑफिसचं अधिवेशन होतं, इथून गाडीने पाचेक तासांवर. वाटेत हूवर धरणाजवळच्या उंच पुलावरून जावं लागतं. नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला ते साल १९३१ आणि या धरणाचं काम सुरू झालं तेही १९३१. बाबा, तुम्हाला असल्या जोड्या आवडतात म्हणून सांगितलं.

पोकर मटक्यासारखा नाही, हे पटवायचा मी प्रयत्न करणार होते. अर्धंच जमेल. यात कॅसिनो आपल्याविरुद्ध खेळत नाही, टेबलावरचे नऊ जण एकमेकांशी खेळतात. कॅसिनो प्रत्येक डावातून थोडे कापून घेतो. अड्ड्यावर नाल काढतात तसंच, फक्त इथे ती काढणारी बाई नेटकी टाय लावून बसते. प्रत्येकाला दोन बंद पानं, मधे पाच खुली, सातांतून उत्तम पाच निवडायची. 'नो-लिमिट' म्हणजे आपल्यासमोर असलेलं सगळं एका चालीत लावायची मुभा. मात्र डाव सुरू असताना खिशात हात घालून आणखी काढता येत नाही. जे टेबलावर आहे तेवढंच पणाला. बापूकाकांच्या धंद्यात हा एक नियम असता तर, असं मला नेहमी वाटतं.

मी ३०० घेऊन बसले. खोलीवर आणखी ३०० होते आणि त्याच्या पलीकडे काही नाही, असं स्वतःशी ठरवलं होतं. पहिले ३०० दोन तासांत गेले. हातात राजाची जोडी आली, मी सगळे लावले, समोरच्याने एक्क्याची जोडी उलटली. यात माझी चूक काढायला गेलात तरी सापडायची नाही. वर जाऊन उरलेले ३०० आणले. लिफ्टमधल्या आरशात स्वतःकडे बघितलं नाही, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर दोनपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. खरा खेळ तोच. पानं बघायची आणि पॅक व्हायचं, बघायची आणि पॅक व्हायचं. शेजारचा वैतागला, मोबाइलवर फुटबॉल बघत बसला. मला वैताग येत नव्हता. ओटीवर मेंढीकोट खेळताना तुम्ही हुकूम बंद ठेवून अख्खा डाव काहीच न झाल्यासारखे बसायचात, ते बघत मी मोठी झाले. दोनच्या सुमारास सत्तीची जोडी आली आणि मधल्या पहिल्या तीन पानांत राजा, सत्ती, दुर्री. एकाकडे एक्का-राजा होते. राजाची जोडी जमलीय म्हणून त्याने सगळे सारले. तिथे माझे दुप्पट झाले. मग बारमधून चौघे उठून आले, त्यांना घाई फार होती. चार वाजता माझ्यासमोर चौदाशे.

आई, हा भाग तुझ्यासाठी. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, असं तू सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं आहेस. साडेचारला मी केस मोकळे सोडून कान झाकले आणि ४५० डॉलरचं खोटं बोलले. मधे इस्पिकची तीन पानं होती. माझ्याकडे इस्पिकचा एक्का होता, पण दुसरं इस्पिक नव्हतं, म्हणजे हातात काहीच नाही. पण तो एक्का माझ्याकडे असल्यामुळे सर्वांत मोठा फ्लश, म्हणजे एकाच प्रकारची पाच पानं, समोरच्याकडे असूच शकत नव्हता. त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "तुमच्यासारख्या बाई खोटं लावत नाहीत," आणि तीन नव्व्या दाखवून पॅक झाला. मी स्वेटर विणणारी बाई दिसते, हे माझं भांडवल आहे. खेळणाऱ्यांत मी एकटीच बाई होते, एकटीच आपल्याकडची.

पुढच्याच तासात टोपीवाल्या एका म्हाताऱ्याने सहाशे लावले आणि मी बरी पानं टाकून दिली. त्याने पानं दाखवली नाहीत. अजून माहीत नाही.

आणि सहा वाजता तो डाव. हातात दश्शीची जोडी. बाबा, दोन मेंढ्या! मधे बदामाची दश्शी, बदामाची चौकी, किलवरचा राजा. तिसरी मेंढी आली. चौथं पान बदामाची नव्वी. एक तरुण पोरगा, त्याच्यासमोर माझ्याएवढेच, त्याने सगळे लावले. मी विचार केला, विचार केला, आणि सारले. १,५५० डॉलर. त्याने लगेच पानं उलटली: बदामाचा एक्का आणि गुलाम. म्हणजे त्याचा फ्लश झालेला होता, तो तीन दश्श्यांहून मोठा; पैसे गेले तेव्हा मी मागे होते. उरलेल्या ४४ पानांतली १० मला तारणारी, चारांत एकदाही नाही. शेवटचं पान चौकटची चौकी. तीन दश्श्या, दोन चौक्या, फुलहाउस. ते फ्लशहून मोठं.

पोरगा उठला, "छान खेळलात" म्हणाला. मी छान खेळले नव्हते. तिथे मी पॅक व्हायला हवं होतं की नाही, यावर मी घरी येईपर्यंत गाडीत स्वतःशी भांडत होते. त्या डावात मी आणि बापूकाका यांच्यात काय फरक होता, तर त्या दहा पानांचा.

त्यानंतर दीड तास मी नुसती बसून होते, एकही पैसा न लावल्यासारखी. लाल चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, पाच डॉलरची. एका ट्रेमध्ये शंभर बसतात. सहा ट्रे भरले, वर अठ्ठावीस उरल्या. रोखीच्या खिडकीला इथे पिंजरा म्हणतात आणि ती असते तशीच. पण बाबा, तिथला माणूस बघायला तुम्ही हवे होतात. नोटा मोजताना एकेक नोट टेबलावर पसरून ठेवतो, वरच्या कॅमेऱ्याला दिसावी म्हणून. पानं वाटणारी माणसं दर अर्ध्या तासाने बदलतात. उठताना दोन्ही तळवे वाजवून उलटेसुलटे दाखवतात, हातात काही नाही म्हणून. चौतीस वर्षं तुम्ही कॅश खिडकीत बसून गड्डी दोनदा मोजायचात, ते त्यांना पटकन कळलं असतं.

बाहेर आले तर लख्ख ऊन. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. डोळे चुरचुरत होते. एक माणूस पाइपाने फुटपाथ धूत होता. मी इडलीच्या विचारात होते, मिळाली करपलेली ऑम्लेट.

पैसे कपाटात पाकिटात आहेत. तुम्हाला पाठवणार नाही, बाबा शिवणार नाहीत हे मला माहीत आहे. पुन्हा खेळीन का? बहुतेक हो, त्याच तीनशे अधिक तीनशेच्या हद्दीत, आणि दर वेळी आल्यावर जमाखर्च तुम्हाला कळवीन, पोस्टकार्डावर मावेल एवढा.

गुरुवारी फोन करते. बाबांना बोलायचं नसेल तर आई तू उचल. माजघरातला पंखा अजून चालतो का, की फक्त आवाजच करतो?

तुमची,
चिमी