बांबोळीची तारीख चुकू नये म्हणून

सत्तरी तालुक्यातल्या सर्व ग्रामस्थांना सप्रेम नमस्कार.

गेल्या शिमग्यात दुचाकीवरून पडून आपल्या वाड्यावरच्या एका मुलाच्या डोक्याला जबर मार बसला. १०८ वेळेवर पोचली, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, उपचार झाले, महिन्याभराने मुलगा घरी आला. आपण देवाला नारळ ठेवला आणि आपापल्या कामाला लागलो. पुढे त्याच्या रक्ततपासणीची तारीख दोनदा चुकली. तिसऱ्या खेपेला नेलं, तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं. डोकं दुखतं म्हणून घरची माणसं दुकानातून डायक्लोफेनॅक आणून देत होती. या वेदनाशामक गोळीने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अशा रुग्णाची मूत्रपिंडं आणि यकृत आधीच सोसून आलेली असतात. अपघातात रक्त जातं, रक्तदाब उतरतो, तेव्हा या अवयवांनाही रक्त कमी पडतं. मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल देतात. ते लघवीवाटे अंगातलं पाणी काढतं, त्याचा ताण मूत्रपिंडांवर येऊ शकतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएटचा निचरा यकृत करतं, लेव्हेटिरासिटामचा मुख्यतः मूत्रपिंडं. म्हणून घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातलं युरिया आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृतासाठी) तपासून घ्यावं लागतं.

पण न्यायचं कसं? वाळपईहून पणजीची बस, तिथून बांबोळीची दुसरी. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला हे झेपत नाही. भाड्याची गाडी करायची, तर रोजंदारीवरच्या घराची आठवड्याची कमाई जाते.

यंदा चवथीच्या रोषणाईचा खर्च आम्ही निम्म्यावर आणला आहे. उरलेली रक्कम या रुग्णांच्या गाडीभाड्यासाठी बाजूला काढली, पण ती वर्षभर पुरणार नाही. जमेल तेवढी देणगी द्या, पावती मिळेल. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी महिन्यातून एक सकाळ द्यावी; आम्हांला खरी निकड याचीच आहे. घरात वापराविना पडलेली चाकांची खुर्ची किंवा हवेची गादी असेल तर तीही चालेल. दर रविवारी संध्याकाळी आरतीनंतर आम्ही देवळाच्या मंडपात बसतो.

आणखी एक मागणं, त्याला पैसा लागत नाही. अशा घरी भेटायला जाल तेव्हा वेदनाशामक गोळ्या किंवा झाडपाल्याचा काढा नेऊ नका. फिटच्या गोळ्या बंद करायचा सल्लाही देऊ नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आपले नम्र,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते