आणखी दोन वर्षं

डेल्फ्ट, नेदरलँड्स, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर धीर झाला नाही म्हणून लिहितेय. गुरुवारी मी सही केली. आणखी दोन वर्षं इथेच. आई, रडू नकोस, आधी पुरतं वाच.

पैशासाठी नाही गं. पुण्याची नोकरी बरी होती, ग्वाल्हेरला गाडीने येता यायचं, सगळं कबूल. पण हे काम आता अर्ध्यात टाकवत नाही. बाबा, तुम्हाला तर लगेच कळेल. सिलिकॉनमध्ये बारीक खळगा कोरायचा आणि त्यावर ग्राफीन ताणून बसवायचं. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एकच थर म्हणजे ग्राफीन, जाडी एका अणूएवढी. एका मिलिमीटरात असे तीसेक लाख थर. झाला तबला! बाहेरचा दाब वाढला की खळग्यातली हवा घट्ट होते, थरथरणाऱ्या पुडीला, म्हणजे ग्राफीनच्या पडद्याला, आतून रेटते आणि सूर चढतो. सूर मोजायचा, दाब कळतो. २०१६ मध्ये इथल्याच मंडळींनी असे मोजके थर घेऊन हे करून दाखवलं. सिलिकॉनच्या तशाच सेन्सरपेक्षा ४५ पट संवेदनशील, आणि पडदा २५ पट लहान. माझे मात्र निम्मे पडदे बसवतानाच फाटतात. तबल्याचे गठ्ठे ठोकताना तुम्ही जे पुटपुटायचात ना, तेच मी इथे मराठीत पुटपुटते. कुणाला कळत नाही, सोय आहे.

खोली उबदार आहे, आपल्या ग्वाल्हेरातल्या लष्कर भागातल्या जानेवारीपेक्षा तर नक्कीच. मेतकूट अजून अर्धी बरणी आहे. जेवते मी वेळेवर. परवा खूप उशिरा परतले, तेव्हा मात्र डग्ग्याच्या गवसणीत डोकं खुपसून झोपायचे ते आठवलं. कुणी उचलून आत नेलं तरी जाग यायची नाही.

असो. आई, गच्चीचा जिना आता बंद म्हणजे बंद, पापड दादा वाळत घालेल. दिवाळीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय.

आणि बाबा, बीपी चहाच्या आधी बघायचं. पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर टेकवून, मधे न बोलता. गोळी चुकवायची नाही, लोणचं नाही, गजक एकच. तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेत, आणि रोज १३०/८०. दिवसभर दाबच मोजते हो मी. उद्यापासून खरे लिहा.

तुमची,
मनू