नव्या गाडीत सिंथेटिक ऑईल घातले तर वॉरंटी जाते का? लेखी सांगा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: नवीन पेट्रोल गाडीत सिंथेटिक इंजिन ऑईल घालण्यास नकार, वॉरंटी रद्द होण्याची तोंडी भीती, आणि बिलात ग्रेड न लिहिता जादा ऑईलची आकारणी याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची पेट्रोल गाडी मी गेल्या वर्षी कोल्हापुरातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून नवीन घेतली. गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. इंजिन शांत आहे, ॲव्हरेज चांगले मिळते, गगनबावड्याचा घाट चढताना ती कधी कुरकुरत नाही. तक्रार आहे ती सर्व्हिस सेंटरची, आणि त्यातही एकाच गोष्टीची: इंजिनात कोणते ऑईल घालायचे याचे सरळ उत्तर मला आपल्याकडून अजून मिळालेले नाही.

दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला ऑईल बदलायचे होते. आतापर्यंत मिनरल (कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले) होते, आता सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेले) घाला, असे मी जॉब कार्ड लिहितानाच सांगितले. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, “काका, नव्या गाडीला सिंथेटिक घालायचं नसतं. रिंगा बसत नाहीत. आणि वॉरंटी जाते.” रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, सिलिंडरच्या भिंतीला टेकणारी कडी. मी गाडीतून मालकाची पुस्तिका आणून त्याच्यासमोर ठेवली. तीत ०डब्ल्यू-२० हा ग्रेड (ऑईलच्या दाटपणाचा क्रमांक) पहिल्या पसंतीचा दिला आहे, ५डब्ल्यू-३० चालेल असे लिहिले आहे, आणि दर्जा एपीआय एसएन (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची दर्जाखूण) किंवा त्याहून वरचा असावा एवढीच अट आहे. मिनरल की सिंथेटिक याबद्दल एक शब्दही नाही. त्यावर उत्तर मिळाले, “पुस्तकातलं वेगळं असतं, इथलं वेगळं असतं.”

वर्कशॉप मॅनेजरने दुसरेच सांगितले. सिंथेटिक घालता येईल, पण आधी इंजिन फ्लशिंग, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणे, करावे लागेल, त्याचे पैसे वेगळे, आणि ‘माझ्या जबाबदारीवर’ असे लिहून सही करावी लागेल. आपल्या कस्टमर केअरला फोन केला तर तिथल्या ताईंनी सर्व्हिस सेंटर सांगेल तसे करा म्हणून विषय संपवला. आणि या सगळ्यानंतर त्याच सर्व्हिस सेंटरमधून मला फोन आला की सिंथेटिकचे खास पॅकेज आहे, ते घेतले की पंधरा हजार किलोमीटर ऑईलकडे बघायला नको. ज्या ऑईलने वॉरंटी जाणार होती तेच आता पॅकेजमध्ये कसे आले, हे मी विचारले. पलीकडून फोन ठेवला गेला.

मी शिवाजी उद्यमनगरात बोरिंग-होनिंगचे, म्हणजे सिलिंडर आतून कापून आणि घासून मापात आणण्याचे, काम करतो. आमच्या भागात ऑईल इंजिने तयार झाली, फाउंड्र्या उभ्या राहिल्या, आणि सिलिंडरच्या भिंतीत काय चालते हे इथला कामगार हाताच्या बोटांनी ओळखतो. त्यामुळे रिंगा बसत नाहीत हे कारण माझ्या गळी उतरत नाही. लायनर (सिलिंडरची आतली नळी) होन केल्यावर त्याच्या आतल्या अंगाला तिरप्या रेघांची जाळी राहते. आम्ही तिला क्रॉस हॅच म्हणतो. त्या रेघांच्या खाचांत ऑईल धरून राहते आणि सुरुवातीला रिंगा त्यांच्या टोकदार कडा घासून आपली जागा करून घेतात. जुन्या पद्धतीच्या होनिंगमध्ये या कडा उंच राहत, म्हणून नवे इंजिन पुष्कळ दिवस सांभाळून चालवावे लागे. आता प्लेटो होनिंगमध्ये शेवटचा हात फिरवतानाच त्या कडा काढून टाकतात, खोल खाचा तेवढ्या ठेवतात. शिवाय रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबाने. तो दाब ऑईल मिनरल आहे की सिंथेटिक हे पाहून कमी-जास्त होत नाही. माझी गाडी दहा हजार किलोमीटर धावली आहे. रिंगा बसायच्या त्या केव्हाच बसल्या. परदेशात तर पहिल्या दिवसापासून सिंथेटिक भरूनच कारखान्याबाहेर पडणाऱ्या गाड्या आहेत; अमेरिकेची कॉर्व्हेट १९९२ पासून तशी येते.

आपल्याच पुस्तिकेचे पाहा. ०डब्ल्यू या कसोटीला उतरायचे तर ऑईलने उणे ३५ अंश सेल्सिअसला इंजिन फिरू द्यावे लागते. साधे मिनरल बेस ऑईल वापरून हे जवळपास जमत नाही, त्यासाठी सिंथेटिक किंवा निदान सेमी-सिंथेटिक लागते. म्हणजे पहिल्या पसंतीला ०डब्ल्यू-२० लिहून आपणच सिंथेटिकची शिफारस केली आहे. मग त्याच ऑईलने वॉरंटी जाते असे आपला माणूस काउंटरवर बसून कसे सांगू शकतो? कोल्हापूरला तशी थंडी कधीच पडत नाही, म्हणून मी ५डब्ल्यू-३० सिंथेटिकलाही तयार होतो. तेही नाकारले.

फ्लशिंगचा आग्रह मला सर्वांत जास्त खटकला. एपीआयचा शिक्का असलेली इंजिन ऑईले एकमेकांत व्यवस्थित मिसळतात की नाही याची चाचणी झालेली असते. मिनरल काढून सिंथेटिक घातले आणि ऑईल पॅनमध्ये वाटीभर जुने राहिले तरी काही बिघडत नाही. पुढे कधी परत मिनरलवर यावे लागले तरी चालते. एका वर्षाच्या इंजिनात गाळ साचलेला नसतो, मग धुऊन काढायचे काय? फ्लशिंगचे रसायन इंजिनात घालणे आपल्या पुस्तिकेत कुठे सांगितले आहे, ते पान मला दाखवावे.

पंधरा हजार किलोमीटरच्या आश्वासनाबद्दल मला काळजी वाटते ती माझ्यापेक्षा इतर ग्राहकांची. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे स्वच्छ लिहिले आहे. सिंथेटिक ऑईल उष्णतेने उशिरा खराब होते, कमी उडते, गाळ कमी धरते, हे खरे. म्हणून तर मला ते हवे आहे. पण माझी गाडी बहुतेक दिवस घर ते उद्यमनगर अशी थोड्या अंतरावर फिरते. एवढ्यात ऑईल पुरते तापत नाही, आणि त्यात उतरलेले पेट्रोल व पाण्याचा अंश बाहेर पडत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जावे लागते, ते वेगळेच. अशा वापरात ऑईल सिंथेटिक असले तरी बदलण्याची मुदत वाढवता येत नाही. आणि आपल्या माणसाच्या तोंडी शब्दावर भरवसा ठेवून कोणी पंधरा हजारांवर ऑईल बदलले, तर उद्या इंजिनाचे काम निघाल्यावर आपणच पुस्तिका उघडून त्याची वॉरंटी नाकाराल. ग्राहकाने तेव्हा काय दाखवायचे?

त्या दिवशी शेवटी गाडीत कोणते ऑईल पडले ते मला आजही माहीत नाही. ग्राहकांच्या बैठकीच्या काचेतून मी पाहत होतो. कोपऱ्यातल्या पिंपातून पाइपने ऑईल आले, मेकॅनिकने गन फिलर नेकमध्ये धरली. मी आत जाऊन गनवरचा मीटर पाहिला. आकडा ३.१ वर थांबला होता. पुस्तिकेतही फिल्टरसह ३.१ लिटरच दिले आहे, आणि डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला बरोबर होती. म्हणजे काम मापात झाले. पिंपाचे लेबल भिंतीकडे होते. ग्रेड विचारला तर मेकॅनिक म्हणाला, “कंपनीचंच हाय की मामा.” त्या मुलाचा दोष नाही, त्यालाही कोणी सांगितले नसावे. पण हातात आलेल्या बिलात ‘इंजिन ऑईल, ३.५ लिटर’ एवढेच छापलेले होते. ग्रेड नाही, एपीआय दर्जा नाही, मिनरल की सिंथेटिक याचा उल्लेख नाही, आणि वरच्या ०.४ लिटरचे पैसे घेतलेले. उरलेले ऑईल द्या म्हटले तर “पॅक साडेतीनचाच येतो” असे उत्तर मिळाले. पिंपातून घातलेल्या ऑईलला पॅक कुठला?

रक्कम मोठी नाही हे मलाही कळते. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा लायनर किती थाउ (इंचाचा हजारावा भाग) मोठा केला ते बिलावर लिहून द्यावे लागते, नाही तर पुढचा माणूस पिस्टन कोणत्या मापाचा घालणार? इंजिन ऑईलचेही तसेच आहे. उद्या कोकणात उतरताना वाटेत ऑईल कमी पडले आणि वर घालायची वेळ आली, तर माझ्या इंजिनात आत्ता काय आहे हे मला बिल पाहून कळले पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(९) मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदवला आहे. माझ्या बिलात यातली किंमत तेवढी आहे, आणि प्रमाण चुकीचे आहे. वॉरंटीच्या भीतीबद्दलही एक गोष्ट आपल्या लक्षात आणून देतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असे बजावले होते. मी तर बाहेर गेलोच नाही. आपल्याच सेंटरमध्ये, आपल्याच पुस्तिकेत बसणारे ऑईल मागितले.

माझ्या गाडीच्या मॉडेलमध्ये एपीआय एसएन किंवा एसपी दर्जाचे, ०डब्ल्यू-२० अथवा ५डब्ल्यू-३० ग्रेडचे सिंथेटिक ऑईल घातल्याने वॉरंटीवर परिणाम होतो की नाही, हे कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी कळवावे. होत असेल तर वॉरंटीच्या कोणत्या कलमाने, तेही लिहावे. गेल्या सर्व्हिसला घातलेल्या ऑईलचे नाव, ग्रेड आणि दर्जा यांसह दुरुस्त बिल द्यावे आणि ०.४ लिटरची रक्कम परत करावी. कोल्हापूरच्या सेंटरने यापुढे प्रत्येक ग्राहकाच्या जॉब कार्डावर ऑईलचा पूर्ण ग्रेड लिहावा, पिंपावरचे लेबल दिसेल असे ठेवावे, आणि पुस्तिकेत नसलेले फ्लशिंग कोणाच्याही माथी मारू नये, अशी लेखी सूचना आपण त्यांना द्यावी व तिची प्रत मला पाठवावी.

जॉब कार्ड, बिल आणि पुस्तिकेतील ऑईलचा तक्ता यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. गाडीचा नोंदणी क्रमांक आणि माझा पत्ता त्यात आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन, आणि तिथेही दाद न मिळाल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या सर्व्हिसला मी गाडी आपल्याच सेंटरमध्ये आणणार आहे आणि पुन्हा सिंथेटिकच मागणार आहे. त्याआधी आपले पत्र माझ्या हातात असावे.

आपला ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर