नंदी कुठंवर आला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुलं मराठी वाचत नाहीत’ हा सूर आपल्या रविवार पुरवणीत वरचेवर लागतो. त्यावर चार ओळी लिहायच्या होत्या, पत्र जरा लांबलंय. कापायचं तर खालून कापू नका, मुख्य मागणी खाली आहे.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहते. रविवारी सकाळी दोन तास दारातल्या कट्ट्यावर पुस्तकांच्या दोन पेट्या मांडून बसते. पुस्तक न्यायचं, आठवड्यानं आणून द्यायचं, दंड नाही. सातवी-आठवीपर्यंतची पोरं मराठी पुस्तकं मुकाट नेतात. नववीत गेली की पेटी उलटीपालटी करतात आणि विचारतात, “आज्जी, भुताचं काय हाय काय? पण बारक्या पोरांचं नको.” भूतही पाहिजे आणि छडा लावायला एक कोडंही पाहिजे, अशी त्यांची फर्माईश. माझ्याकडं तसं नसतं. मग ती इंग्रजीकडं वळतात. परदेशातलं एखादं आडगाव, गावाबाहेर तळं, तळ्याला जुना शाप आणि सायकलवरून छडा लावत हिंडणारी चार पोरं. मोबाइलवर शब्द शोधत शोधत वाचतात बिचारी. वाचू देत, माझी तक्रार नाही. पण त्या तळ्याचं नाव त्यांना पाठ असतं आणि स्वतःच्या गावात किती तळी बुजवली याचा पत्ता नसतो.

गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होतं. शाहू स्टेडियम आहे तिथं रावणेश्वराचं तळं होतं. कपिलतीर्थावर आपण भाजी घेतो. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साठलं की आम्ही गटारीला शिव्या घालतो. पण पंधरा वर्षांच्या पोराला एवढंच सांगून बघा की ते पाणी आपली जुनी जागा हुडकत येतं. त्या रात्री तो खिडकीतून मैदानाकडं बघितल्याशिवाय झोपायचा नाही. पंचगंगेच्या पाच नद्या मोजायला लावा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती, ती गुप्त. म्हणजे नदीच्या नावातच एक बेपत्ता नदी आहे. तिचा तपास कुणी केलाय? पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती सापडली. जिथं समुद्र नाही तिथं समुद्रदेव. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पोरं सहलीला जातात आणि तिच्यासमोरून वडापावच्या गाडीकडं पळतात.

रंकाळ्याकाठच्या नंदीची गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. तो गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. गेल्या पावसाळ्यात कट्ट्यावर मी ही गोष्ट सांगितली तर एका आठवीतल्या पोरानं विचारलं, “कुठला तांदूळ?” मला हसू आलं, पण ते हसण्यावारी नेणारं पोर नव्हतं. घरातून गहू आणले, दोन-तीन तऱ्हेचे तांदूळ आणले. आपल्याच पेपरचं शेवटचं पान पसरलं आणि कंपासपेटीतली पट्टी घेतली. गहू सहाच्या वर भरला, मिलिमीटरमध्ये. आजऱ्याचा घनसाळ चारच्या आसपास. बासमती सातच्या वर. म्हणजे हिशेब घनसाळाचा असेल तर नंदी पुढं येतोय आणि बासमतीचा असेल तर उलटा मागं चाललाय. मग दुसरा वाद. कुणाची आज्जी सांगते रोज सरकतो, कुणाची सांगते वर्षातनं एकदा. एका मुलीनं गुणाकार मांडला. रोज दोन मिलिमीटर धरलं तर हजार वर्षांत जवळजवळ पाऊण किलोमीटर, म्हणजे नंदी केव्हाच पाण्यात. वर्षाला दोन धरलं तर हजार वर्षांत दोन मीटर. “मग वर्षाचंच खरं,” ती म्हणाली. “आज्जी, तो निघाला तेव्हा कुठं होता ते कुणाला म्हाईत हाय?” पेटीतली पुस्तकं त्या दिवशी कुणी उघडलीच नाहीत.

अद्भुत आणि रहस्य एकत्र नांदत नाहीत असं मला काहीजण सांगतात. जादूनं काहीही होऊ शकतं म्हटल्यावर छडा कशाचा लावायचा, असा त्यांचा मुद्दा. पण आपल्या लोककथेत काहीही कधी होत नाही, तिथं कायदा कडक असतो. मुंजा पिंपळावर राहतो, वडावर नाही. साती आसरा पाण्याच्या काठच्या. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या लागतात. चकवा लागला तर चालायचं नाही, आहे तिथं बसायचं, फटफटलं की वाट दिसते. माझे मामा रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला गेले आणि स्वतःच्याच फडाला पहाटेपर्यंत फेऱ्या घालत राहिले. डोक्याच्या वर ऊस, आभाळात चांदणी नाही, मोटरचा आवाज चहूकडून. सकाळी सापडले ते बांधापासून वीस पावलांवर. “बसलो का न्हाई, तेवढंच चुकलं,” एवढंच ते सांगायचे. हा कायदा ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढं पिंपळाऐवजी वडाखाली दिसलेला मुंजा आला की तो लगेच म्हणणार, इथं काहीतरी खोटं आहे. लेखकाला आणखी काय पाहिजे?

आता तक्रार. माझ्या कट्ट्यावरच्या एका नववीतल्या मुलीनं गोष्ट लिहिली. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, तिथून सुरू होणारी. मागची कथा आपल्या गावाला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष यानं योगदंडाच्या बळावर देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीनं तो दंड युक्तीनं काढून घेतला आणि सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, ती अजून दरवर्षी जाते. आणि अंबाबाईनं ज्याला मारलं त्या कोल्हासुराचंच नाव गावाला राहिलं. बहिणीसारख्या दोघींतला रुसवा, राहून गेलेलं आमंत्रण, हरलेल्याचं नाव मिरवणारं गाव. पंधराव्या वर्षी माणसाला रुसव्याइतकं दुसरं काय कळतं?

तर त्या मुलीच्या गोष्टीत एका वर्षी कोहळा फुटत नाही. तीन घाव घातले तरी फुटत नाही. त्याच रात्री गांधी मैदानावर पाऊस नसताना पाणी चढतं आणि आषाढात टेंबलाईला नदीचं नवं पाणी वाहायला निघाल्यासारखा कुठूनतरी ‘पी ढबाक’ असा वाजंत्रीचा आवाज ऐकू येऊ लागतो. आश्विनात! कोहळ्याला हात लावलेली मुलगी आणि तिच्या तालमीतला भाऊ मिळून शोध घेतात की यंदा कुणाला बोलवायचं राहिलं. मला वाचताना काटा आला, हे प्रामाणिकपणे सांगते.

ही गोष्ट एका शाळेच्या वार्षिक अंकात छापून आली. शाळेचं नाव लिहीत नाही. छापताना शेवट बदलला होता. ‘आणि तिला जाग आली. ते सगळं स्वप्न होतं. तिनं ठरवलं, यापुढे नियमित अभ्यास करायचा.’ वर आणखी एक. तिची नायिका आपल्या पोरींसारखीच बोलते, “मी बघतो”, “मी आलो”. ते सगळं “मी बघते”, “मी आले” करून ठेवलं. एक “आलो” नजरेतून सुटला, तेवढाच त्या गोष्टीत जिवंत राहिला. मुलीनं अंक माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, “ही मी लिहिलेली न्हाई.” त्यानंतर तिनं दुसरी गोष्ट लिहिलेली नाही. विचारलं की विषय बदलते.

शाळेची बाजू मला कळते. एकीकडून कुणी म्हणेल अंधश्रद्धेला खतपाणी घालता, दुसरीकडून कुणी म्हणेल देवीची गोष्ट तुम्ही भुताखेतात आणली. पहिल्यांना माझं उत्तर तांदळाचं. ज्या पोरांनी नंदीचा वेग काढला ती कुठल्या भोंदूपुढं हात जोडून बसतील असं मला वाटत नाही. कुणी बघितलं, कधी, किती लांबून, हे विचारायची सवय शोधकथेनंच लागते. दुसऱ्यांना एवढंच सांगते की या कथा आपल्या घरात कधी सोवळ्यात नव्हत्याच. माझी आज्जी त्र्यंबोलीची गोष्ट भाकऱ्या थापता थापता सांगायची आणि रुसव्याच्या जागी माझ्या आत्याकडं बोट दाखवायची.

प्रकाशकांचं म्हणाल तर ‘बालसाहित्य’ म्हणून जे खण आहेत ते आठ वर्षांच्या मुलापाशी संपतात, त्याच्या पुढच्या खणात एकदम ऐतिहासिक कादंबऱ्या. ‘चांदोबा’ बंद पडला. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून चालू आहे, पण एका मासिकानं किती ओढायचं? १८५० साली करवीर नगर वाचन मंदिर ज्या गावात सुरू झालं तिथल्या तेरा ते सतरा वयाच्या वाचकासाठी एक फळी भरत नाही, याची लाज आपल्यालाच वाटायला पाहिजे. मलाही, कारण माझ्या पेट्यांतही तेच आहे.

म्हणून मागणी. आपल्या रविवार पुरवणीत ज्योतिषाला पाऊण पान जातं. त्यातलं अर्धं द्या आणि या वयाच्या पोरांसाठी क्रमशः गोष्ट चालवा. अद्भुत असावी, छडा असावा, जागा खऱ्या असाव्यात, म्हणजे वाचून झाल्यावर सायकल काढून पापाच्या तिकटीला, खोल खंडोबाला जाऊन बघता येईल. प्रकरण अडचणीच्या जागी तोडा, आठवडाभर पोरं भांडत बसू देत. लेखक मोठाच पाहिजे असं नाही. आणि तात्पर्य छापू नका.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर त्या मुलीची वही माझ्याकडं आहे. तिनं फाडायला काढली होती, मी मागून घेतली. कोहळा का फुटला नाही ते शेवटच्या अडीच पानांत आहे. तिची परवानगी मी विचारते. ती हो म्हणाली तर टाईप करून पाठवते. फक्त तिचा “मी आलो” तसाच राहू द्या.

आपली,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर