नळी घालण्याआधी एकदा विचारा

मा. संपादक, स.न.

गेल्या पावसाळ्यात आमचे अण्णा गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर, शेवटची स्टेज. केमो बंद करून चार महिने झालेले, डॉक्टरच म्हणाले होते घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. अण्णांनीही आम्हा भावंडांना बसवून सांगितलेलं, मला मशिनवर ठेवू नका. पण रात्री दोनला दम घुसमटायला लागला, आई घाबरली आणि आम्ही १०८ ला फोन केला. कॅज्युअल्टीत गेल्या गेल्या घशात श्वासाची नळी, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली सलाइनची नळी), ते नळी ओढायला लागले म्हणून हात बांधले आणि पहाटे हृदय थांबल्यावर छाती दाबली, बरगडी मोडल्याचा आवाज मी पडद्याबाहेर ऐकला. नळीमुळे आईशी शेवटचं बोलताही आलं नाही त्यांना.

ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीला मी दोष देत नाही. तिला अण्णांची काहीच माहिती नव्हती, समोर माणूस गुदमरतोय आणि काही केलं नाही तर नातेवाईक अंगावर येणार. पण पेशंटची इच्छा काय होती हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही गप्प राहिलो, तेच जास्त सलतं.

सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तर मला मशिनवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ ला सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो. पण त्यावर अंमल करायचा तर दोन मेडिकल बोर्डांची, म्हणजे डॉक्टरांच्या समित्यांची, मंजुरी लागते, प्रत्येकाला शक्यतो ४८ तास, आणि कॅज्युअल्टीत असतात पाच मिनिटं! मग हे आधीच ठरायला नको का? हृदय थांबल्यावर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न) द्यायचा नाही हा निर्णय नेहमीच्या डॉक्टरने पेशंटशी, घरच्यांशी बोलून आधीच लिहून ठेवावा अशा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) गाइडलाइन्स २०२० पासून आहेत. आम्हाला घरी पाठवताना यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. दम लागला तर मॉर्फिनच्या छोट्या डोसने तो त्रास कमी करता येतो हेसुद्धा मला अण्णा गेल्यावर कळलं.

तर सगळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती, 'आता घरी न्या' म्हणाल तेव्हा रात्री दम लागला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा आणि नळी घालायची की नाही, हे डिस्चार्ज कार्डवर पहिल्याच पानावर ठळक लिहून द्या.

– एक मुलगी, सातारा