अण्णा, तुमच्या दुकानातून कंपनी उभी राहिली

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून आणि सगळ्यांना वाचता येईल असं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांमध्ये आज आपलं संकलनाचं सॉफ्टवेअर चालतं. लोक त्याचं श्रेय आमच्या प्रोग्रामिंगला देतात आणि प्रोग्रामिंग चांगलं आहेच. पण ते सचिवांच्या टेबलापर्यंत पोहोचलं तुमच्यामुळे, आणि तिथं टिकलं तेही तुम्ही लावलेल्या शिस्तीमुळे.

माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन मी पहिल्यांदा तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. पहाटे साडेपाचला दूध घालायला रांग लागली आहे आणि काट्याचा आकडा स्क्रीनवर येत नाही, तर सचिव फोन कुणाला करणार? उत्तरही तुम्हीच दिलंत: ज्यानं कॉम्प्युटर बसवून दिला त्याला. मग क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीची गोष्ट सांगितलीत. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते, त्यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये त्यातून अँटिव्हायरस उभा राहिला. समोर परदेशी कंपन्यांची मोठी नावं होती. पण मशीन उघडून बसलेला ओळखीचा दुरुस्तीवाला "हे टाकून घ्या" म्हणाला की गिऱ्हाईक ऐकायचं. २०१६ मध्ये तीच कंपनी शेअर बाजारात गेली. तुम्ही स्वतः त्या सीडी काउंटरवरून विकलेल्या, त्यामुळे ही गोष्ट तुमच्याकडे ऐकीव नव्हती.

तुम्ही गोष्ट सांगून थांबला नाहीत. कागल, गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजचे दुरुस्तीवाले तुमच्या दुकानात बोलावलेत. त्यातले काही धंद्यात तुमचे स्पर्धक होते, हे मला नंतर कळलं. त्यांना शिकवायला मला उभं केलंत आणि त्यांच्यादेखत मला दोन अटी घातल्यात. कमिशन पहिल्या विक्रीवर द्यायचंच, पण दरवर्षीच्या नूतनीकरणावरही द्यायचं, म्हणजे माणूस संस्थेत परत परत जातो. आणि पैसे महिना संपायच्या आत, मागायला न लावता. आमच्या मार्केटिंगचा पाया या दोन अटी आहेत. जाहिरातींवर कितीही पैसे ओतले असते, तरी त्या मंडळींचा एक शब्द मिळाला नसता.

वेळ साधायलाही तुम्हीच शिकवलंत. दिवाळीआधी सभासदांना दूध फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची वाढीव रक्कम, वाटायचा असतो. वर्षभराचं म्हशीचं आणि गाईचं दूध, प्रत्येकाचं वेगळं, जुन्या वह्यांतून काढता काढता सचिवांच्या रात्री जातात. तुम्ही म्हणालात, मार्च-एप्रिलमध्ये हिंडू नकोस, भाद्रपदात जा. त्यांचीच गेल्या वर्षीची वही माग, एका सभासदाच्या नोंदी भर आणि फरकाची पावती छापून हातात दे. मी तेवढंच केलं. वहीशी पावती ताडून पाहिलेल्या सचिवाला पुढं काही पटवून द्यावं लागत नाही. तोच शेजारच्या गावच्या सचिवाला फोन लावतो.

आता त्या पहाटेच्या फोनबद्दल. मालक असो वा प्रोग्रामर, पहाटे फोन घ्यायची पाळी सगळ्यांना, हा नियम तुमचा. स्टार्टअपच्या संस्कृतीवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण माझ्या कंपनीत जे काही चांगलं आहे ते या पाळीतून आलं, असं मी मनापासून मानते. पहाटे सचिवांचा आवाज ऐकलेल्या प्रोग्रामरनं, कुणी न सांगता, प्रत्येक कॅननंतर नोंद आपोआप जपली जाईल अशी सोय केली, कारण भारनियमनात अख्ख्या सकाळच्या दुधाच्या नोंदी कशा पुसल्या जातात हे त्यानं ऐकलं होतं. ओल्या हातांनी चालवायच्या कळा मोठ्या झाल्या. इंटरनेट नसलं तरी संकलन चालू राहू लागलं. यातली एकही गोष्ट बैठकीत ठरलेली नाही.

माणसं निवडतानाही तुमच्या दुकानातला आयटीआय झालेला पोरगा डोळ्यांसमोर होता. तमिळनाडूत झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं २००५ च्या सुमारास बारावी आणि डिप्लोमाची मुलं विद्यावेतन देऊन शिकवायला सुरुवात केली, डिग्रीचा आग्रह धरला नाही, आणि ती मुलं पुढं कंपनीत मोठ्या कामांवर गेली. झोहोचे सहसंस्थापक श्रीधर वेंबूंचा तो प्रयोग मी वाचला होता, पण विश्वास बसला तुमच्या त्या पोराला कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करताना पाहून. आता आम्ही ज्यांच्या घरी गोठा आहे अशी मुलं मुद्दाम घेतो. फॅट एका पॉइंटनं कमी लागलं की आई संस्थेत जाऊन का भांडते, हे त्यांना समजवावं लागत नाही. दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) कसं बांधलेलं असतं, हे सांगणारे छोटे मराठी व्हिडिओ याच मुलांनी केले आणि ते सचिवांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं व्हर्सिटी या आपल्या ऑनलाइन धड्यांतून शेअर बाजार फुकट शिकवून लोक जोडले, त्याच वाटेवरचं हे आमचं लहान काम.

अण्णा, या सगळ्यात तुम्ही माझ्याकडून भागीदारी मागितली नाहीत, दुकानावर आमचा बोर्डही लावू दिला नाहीत. दुसऱ्याच्या धंद्यासाठी स्वतःची पत अशी उघडी टाकणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मनापासून आभार.

निपाणीकडच्या संस्थांचं काम आता सुरू होतंय. तिथल्या दोन दुरुस्तीवाल्यांशी तुम्ही आधीच बोलून ठेवलंय, हे त्यांनीच मला सांगितलं. शनिवारी मी तिकडे निघतेय. येणार असाल तर सकाळी सातला गाडी तुमच्या दारात आणते.

तुमची नम्र,
आणि पहाटेच्या पाळीतली सगळी मंडळी